मधुमेहविजेते नंदकुमार परब

रक्ततपासणीच्या आधी बरोब्बर तीन दिवस नंदकुमार परब अभ्यासाला बसायचे. म्हणजे एरवी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या दिवाळी अंकांखाली दडपलेल्या गोळ्या खाली यायच्या. भात बंद, बटाटा बंद, चहातली साखर बंद. सकाळी कारल्याचा रस, रात्री उकडलेलं पडवळ, आणि मध्ये दिवसभर चेहऱ्यावर असा भाव की घरातल्या बाकीच्यांनी त्यांचं काहीतरी देणं फेडायचं राहिलंय. चौथ्या दिवशी सकाळी लॅबचा माणूस सुई काढून दाराबाहेर पडला की सोफ्यावर बसल्या जागी वाटीभर शिरा, वरून तूप, आणि गोळ्या परत दिवाळी अंकांखाली. चौदा वर्षं त्यांना मधुमेह होता आणि चौदा वर्षं ते असे पहिल्या वर्गात पास होत होते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते, ती त्यांनी कधीच करू दिली नाही. "ती कंपन्यांची थेरं," म्हणायचे. त्यांची सून श्रुतिका मनात म्हणायची, बरोबरच आहे, ज्या परीक्षेत कॉपी करता येत नाही तिला बसायचं कुणी?

श्रुतिका बत्तीस वर्षांची. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालेली, चार वर्षांच्या गार्गीची आई, आणि घरात कोण काय खातं, कोण किती वेळा शिंकतं, गार्गीची नखं कुठल्या वारी कापली, हे सगळं डोक्यात साठवून ठेवणारी. तिचा नवरा सिद्धेश तिला चेष्टेने 'सीसीटीव्ही' म्हणायचा. म्हणू दे. मुलुंडला माहेरी असा कॅमेरा कुणी लावला नव्हता, म्हणून तिच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागलं, साडेतीन वर्षं, आणि मग खुर्ची रिकामी झाली. त्यांच्या लघवीला त्याआधी दोन वर्षं फेस येत होता. आईला वाटायचं, टॉयलेट धुवायचं नवीन लिक्विड चांगलं निघालं.

तर हा फेस श्रुतिकाला बोरीवलीत पुन्हा दिसला.

सुयोग सोसायटीत पाणी सकाळी सहाला यायचं. त्याआधी फ्लश ओढायचा नाही, टाकी रिकामी होते, हा नंदकुमारांचा नियम. जुनी बिल्डिंग, पाच माणसांत एकच टॉयलेट. नलिनीबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, पाचला उठायच्या. साडेपाचला नंदकुमार. सहाला श्रुतिका आत जायची, फ्लश ओढायच्या आधी खाली बघायची, आणि रोज तोच प्रकार. साबणाच्या पाण्यासारखा पांढरा थर, बुडबुडे फुटायचं नाव नाही.

तिने सिद्धेशला सांगितलं. तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "यार श्रुती, तू माझ्या बापाची शू बघतेस?"

"बघते. तुला बघायची तर तू बघ."

"बाबा फिट आहेत. रोज चार फेऱ्या मारतात पार्कच्या भिंतीपर्यंत."

"भिंतीपर्यंत चालल्याने किडनीची गाळणी शिवून निघत नाही, सिद्धेश. प्रथिनं गळतायत. आत्ता पकडलं तर थांबवता येतं. नंतर नाही. मी बघितलंय ना हे सगळं."

"मग तू बोल त्यांच्याशी." सिद्धेश पस्तिशीचा, अंधेरीच्या ऑफिसात सोळा माणसांचा टीम लीड, आणि बापासमोर मात्र अजून पाचवीतला.

ती बोलली होतीच. नंदकुमारांनी ऐकून घेतलं आणि गार्गीला म्हणाले, "तुझी आई डॉक्टर होता होता राहिली हो! थोडक्यात वाचलं बोरीवली."

नंदकुमारांची खरी दीक्षा वेगळी होती. सोसायटीच्या बागेत अकरा निवृत्त पुरुष सकाळी जमायचे, त्याला 'गोड जीवन मंडळ' असं नाव होतं. प्रमुख हर्षदभाई, सी विंग. आयुष्यभर प्लॅस्टिकच्या बादल्या विकल्या, त्यामुळे मानवी शरीराबद्दल त्यांना कसलीही शंका उरली नव्हती. शरीर म्हणजे नळ्या. नळी सुकली की चिरते. म्हणून तिला वंगण पाहिजे. म्हणून सकाळी अनशापोटी तीन चमचे साजूक तूप, आणि कोलेस्टेरॉलची गोळी कचऱ्याच्या डब्यात. "गोळी नळी सुकवते, परबसाहेब," ते सांगायचे, आणि परबसाहेब, विमा कंपनीत तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस, ज्याने एका स्वल्पविरामासाठी लोकांचे फॉर्म परत पाठवले, तो हे ऐकून मान डोलवायचा.

दर तिमाहीला मंडळाची सभा. प्रत्येकाने उभं राहून उपाशीपोटीची साखर वाचायची. सगळ्यात कमी आकड्याला शाल, श्रीफळ आणि 'मधुमेहविजेता' असा किताब. गेल्या दिवाळीत बी विंगच्या एकांनी शाल पटकावली होती. ते पाडव्याला आयसीयूत गेले आणि आता डायलिसिसवर होते. मंडळ हादरलं. त्या बिचाऱ्याची काळजी कुणाला नव्हती, पण मंडळाची बदनामी झाली. तेव्हा हर्षदभाईंनी नवा नियम काढला. यापुढे शालीच्या मानकऱ्याने किडनीचा रिपोर्टही आणायचा, डॉक्टरच्या सहीनिशी.

नंदकुमारांनी हे जेवताना सांगितलं तेव्हा श्रुतिकाच्या हातातली पळी थबकली. जे ती आठ महिने विनवून करू शकली नाही, ते एका शालीने केलं.

"मी अपॉइंटमेंट घेते, बाबा," ती लगेच म्हणाली. "डॉक्टर मनालींची. रक्त, चरबी, लघवी, सगळं एकदमच होऊन जाईल."

"ती पोरगी? चालेल. सहीशी मतलब." मग ते जरा थांबले. "लघवीत काय बघतात?"

"गळती आहे का ते."

ताटात उरलेला अर्धा भात आणि कोलंबीचा रस्सा त्यांनी अंगठ्याने पुढे ढकलला. आजपासून अभ्यास सुरू होत होता. नलिनीबाईंनी ताट निमूट आपल्याकडे ओढलं. त्यांचं जेवण म्हणजे कायम हेच. नवऱ्याने टाकलेलं, गार्गीने चिवडलेलं, आदल्या दिवशीचं फ्रिजमधलं. "वाया कशाक घालवूचा?" एवढंच म्हणायच्या. नंदकुमारांच्या तीन दिवसांच्या पथ्यात घरातलं सगळं गोडधोड त्यांनाच संपवावं लागायचं.

त्या आठवड्यात श्रुतिकाच्या लक्षात आलं होतं की सासूबाईंच्या पायात जोडवी नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "अगो, रुतत होती. काढून कुंकवाच्या डबीत ठेवलंय." श्रुतिकाने ऐकलं, आणि गार्गीचा डबा भरायला लागली.

तपासणीच्या दिवशी लॅबचा किरण सातला आला. चाळिशीचा, हेल्मेट काढताना केस नीट करणारा, सोसायटीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याची शीर पाठ असलेला माणूस. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही श्रुतिकाने त्याच्या यादीत गुपचूप घालून ठेवली होती. नंदकुमारांनी बाही वर केली, भिंतीवरच्या गणपतीकडे बघत रक्त दिलं. मग बाटली घेऊन टॉयलेटकडे गेले. दार बंद झालं, नळ वाहिला, दार उघडलं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली, जणू मासळी आहे.

"सकाळची पहिलीच ना, काका?" किरणने विचारलं.

"अगदी पहिली," नंदकुमार म्हणाले आणि शिऱ्याच्या वाटीकडे वळले.

श्रुतिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. बाटली किरणच्या पेटीत गेली तेव्हा तिने सुस्कारा सोडला. पकडलं एकदाचं. सासूबाई गॅसपाशी तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि शिरा झालेला असूनही कढई ढवळत होत्या.

दुपारी लॅबमधून फोन आला. परब उपाशीपोटी होते ना, अशी चौकशी. रक्त फिरवून वेगळं केल्यावर वरचं पाणी पिवळट, आरपार दिसायला हवं. यांचं दुधासारखं आलं होतं.

"होते हो उपाशी," श्रुतिका म्हणाली. "फक्त तीन चमचे तूप."

पलीकडचा माणूस हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे डॉक्टरांकडे गेले. नंदकुमार इस्त्रीच्या शर्टात, सिद्धेश ऑफिसातून थेट, गार्गी शेजाऱ्यांकडे. नलिनीबाई यायला तयार नव्हत्या, पण नंदकुमारांची फाइल, चष्मा आणि पाण्याची बाटली सांभाळायला कुणीतरी हवंच. चार मजले उतरून रिक्षापर्यंत येताना त्यांना धाप लागली. "वय झाला," त्या म्हणाल्या. एकसष्ट. नंदकुमार अडुसष्ट, ते पुढे पोचलेही होते.

डॉक्टर मनाली श्रुतिकाच्याच वयाच्या, बोलायला मोजक्या. पेशंटच्या खुर्चीत नंदकुमार बसले, बाकीचे मागे भिंतीला लागून.

"काका, साखर उपाशीपोटी एकशे बारा. छान."

नंदकुमारांनी मान वळवून सुनेकडे बघितलं.

"पण तीन महिन्यांची सरासरी नऊ पॉइंट एक. म्हणजे हे एकशे बारा फक्त त्या सकाळपुरतं होतं. ट्रायग्लिसराइड्स सहाशे चाळीस. दीडशेच्या आत हवं. रक्तात चरबी तरंगतेय तुमच्या. कोलेस्टेरॉलची गोळी घेता?"

"नळी सुकते तिने."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे दोन सेकंद बघितलं. वाद घालायचा की नाही याचा हिशोब झाला असावा. "आता मुख्य गोष्ट. लघवीतून प्रथिनं जातायत. थोडीथोडकी नाहीत, आठशे साठ. तीसच्या खाली पाहिजे. लघवीत साखरही भरपूर. किडनीच्या गाळणीला साखर, चरबी आणि प्रेशर मिळून भोकं पाडतात. रक्तातला किडनीचा आकडा अजून बरा आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण आजपासून औषध, आणि यावेळी खरोखर."

सिद्धेशने श्रुतिकाकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. श्रुतिकाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. आठवलं फक्त मुलुंडचं, त्या डायलिसिसच्या खुर्चीचं रेक्झिन.

नंदकुमारांचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ दोनदा हलले. आणि मग, अगदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते चक्क हसले.

"डॉक्टर, काळजीचं कारण नाही. ती माझी नाहीच."

"काय तुमचं नाही?"

"लघवी. माझी नव्हे ती." त्यांनी अंगठा खांद्यावरून मागे केला, रिक्षावाल्याला दिशा दाखवावी तसा. "हिची आहे. मी म्हटलं, उगाच कशाला रिस्क? हिला काही नाही, कधी सर्दी नाही. हिची स्वच्छ येईल. सभेत नको ते वाचायला नको." आणि हुश्श करून खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे माझी किडनी ठणठणीत. तुम्ही म्हणालातच, रक्तातला आकडा बरा आहे. तेवढीच सही द्या."

श्रुतिकाला चुकीचं ऐकल्यासारखं वाटलं. तिने चाळीस वर्षांच्या संसाराची ही किंमत एका वाक्यात कधी ऐकली नव्हती. माणूस सुटला होता, आनंदला होता, आणि ज्या अंगठ्याने रोज उष्टं ताट पुढे ढकलायचा त्याच अंगठ्याने त्याने रोगही बायकोकडे सरकवला होता. मागे वळून तिचं तोंड बघायचंही त्याला सुचलं नाही.

"बाबा," सिद्धेश म्हणाला. त्याच्या आवाजात पाचवीतला मुलगा नव्हता. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?"

"काय बोललो? खरं तेच बोललो ना?"

नलिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ह्यांनीच सांगितलान," त्या हळूच म्हणाल्या, गुन्हा आपलाच असल्यासारख्या. "म्हटलं, सभेत मान खाली नको जाऊक."

डॉक्टर मनालींनी पेन खाली ठेवलं. "काका, उठा."

"सही..."

"उठा त्या खुर्चीतून. काकू, तुम्ही इकडे बसा."

नंदकुमारांना उठावं लागलं. नलिनीबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या, कुणी परत उठवेल अशा बेताने.

"काकू, रात्री किती वेळा उठता लघवीला?"

"चार... पाच. पाणी खूप पितंय ना मी."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. गार्गी दोन वर्षांची होती."

"साखर कधी तपासली?"

"माझी?" नलिनीबाईंना प्रश्नच कळला नाही. "माका काय झालेला नाय गो. साखर ह्यांका हा."

डॉक्टरांनी खाली वाकून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. तिथे खड्डा पडला. पिठाच्या गोळ्यात पडतो तसा. श्रुतिका त्या खड्ड्याकडे बघत राहिली. तो भरून येईना. जोडवी रुततात. रात्री बाटलीभर पाणी. धाप. पाचला उठणाऱ्या सासूबाई, साडेपाचला सासरे, सहाला ती, आणि मध्ये फ्लश नाही. आठ महिने ती त्या फेसाकडे वाकून बघत होती. तो दोघांपैकी कुणाचा, हा साधा प्रश्न मायक्रोबायोलॉजीच्या पदवीधर बाईला एकदाही पडला नव्हता. या घरात आजारी पडायचा मान फक्त पुरुषाचा, हे तिनेही न बोलता मानलेलं होतं. नंदकुमारांसाठी तिच्याकडे वर्षानुवर्षांचा तिरस्कार जमा होता. त्यातला मूठभर आता तिने स्वतःसाठी काढून घेतला.

"हे थांबतं ना?" तिने डॉक्टरांना विचारलं. "काकूंचं... आईंचं. थांबेल ना?"

"त्यांचं रक्त बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. उद्या सकाळी नमुना पाठवा." मग नंदकुमारांकडे वळून, "आणि तुमची बाटली. ही नवीन घ्या. यावेळी स्वतःची."

परतताना रिक्षात जागा तिघांचीच. सिद्धेश म्हणाला, "बाबा, तुम्ही चालत या. चार फेऱ्या मारता ना रोज."

शनिवारी किरण आला. नलिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बाही वर केली. "एवढा रक्त काढतत?" त्यांनी विचारलं, आणि सुई टोचताना श्रुतिकाचा हात धरला. तो हात गार होता आणि बोटं सुजलेली. श्रुतिकाने ते आताच पाहिलं. रविवारी सकाळी रिपोर्ट आला. सरासरी साखर अकराला टेकलेली, कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर. पण किडनीचा रक्तातला आकडा, तो एक पॉइंट दोन. डॉक्टरांनी फोनवर तीन गोळ्या आणि पथ्य सांगितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "वाचवण्यासारखं अजून आहे. गळती कमी करता येईल. पण गोळी चुकली, जेवण चुकलं, तर मी जबाबदार नाही." श्रुतिकाने गोळ्यांचा डबा ओट्यावर ठेवला, मिठाच्या बरणीशेजारी, जिथे रोज हात जातोच.

त्याच सकाळी बागेत सभा होती. नंदकुमार गेले. डॉक्टरची सही नव्हती, पण हर्षदभाईंनी सांगितलं की डॉक्टर लोक मंडळावर जळतात, त्यामुळे या वेळेपुरता नियम सैल करू. एकशे बारा हा सगळ्यात कमी आकडा ठरला. टाळ्या चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आल्या. खिडकीतून गार्गीने विचारलं, "आई, आबा जिंकले?"

"हो," श्रुतिका म्हणाली. "कशात ते विचारू नकोस."

साडेबाराला मधुमेहविजेते घरी आले. खांद्यावर शाल, हातात नारळ, ओठांवर पेढ्याचा चुरा. वॉशबेसिनवरच्या फळीवर डॉक्टरांनी दिलेली रिकामी बाटली तशीच उभी होती. शुक्रवारपासून ते तिला वळसा घालून दात घासत होते. आजही हात धुतले, बाटली ओली झाली, तेवढंच.

"नलू," त्यांनी हाक मारली. "मानाचा नारळ आहे. ह्याचा रस काढ. गूळ घाल सढळ. घावण्यांबरोबर होऊन जाऊ दे."

नलिनीबाईंनी सवयीने नारळ घेतला. सवयीनेच फोडला, खोवला, रस काढला. तीस घावणे घालणाऱ्या बाईने आज मोजून पाच घातले. आपल्यासाठी त्यांनी सुनेने करून दिलेली ज्वारीची भाकरी आणि बिनखोबऱ्याची भाजी वाढून घेतली. नंदकुमार जेवले. तिसरा घावणा अर्धा राहिला. रसाची वाटी अर्धी. त्यांनी ढेकर दिला आणि अंगठ्याने ताट पुढे सरकवलं.

ताट टेबलावरून घसरत नलिनीबाईंच्या भाकरीला येऊन टेकलं.

नलिनीबाई ताटाकडे बघत होत्या. श्रुतिकाने श्वास धरला. मध्ये बोलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. रसावर गुळाचा सोनेरी तवंग आला होता. नलिनीबाईंचा हात वाटीपर्यंत गेला. चाळीस वर्षांचा रस्ता, पाठ झालेला.

"वाया जातला," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग त्यांनी वाटी उचलली, घावणा उचलला, आणि उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. सिंकपाशी जाऊन रस ओतला. घावणा ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

"अगो, टाकलंस?" नंदकुमार जवळजवळ ओरडले. "मानाचा नारळ होता तो!"

"जातला तर जातला," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी ओट्यावरचा डबा उघडला, दुपारची गोळी शोधली, आणि ती कुठली हे खात्री करून घ्यायला सुनेपुढे हात केला. "हीच ना गो?"

"हीच, आई," श्रुतिका म्हणाली, आणि पाण्याचा पेला भरायला वळली.